जुन्या गाडीची काच अडकते तेव्हा मोटरवर संशय सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: गाडी साधारण वीस वर्षांची, पॉवर विंडो मूळच्याच. चालकाच्या शेजारच्या दाराची काच खाली नीट जाते, वर येताना मात्र रेंगाळते, पुढच्या बाजूला झुकून तिरकी होते आणि शेवटचं वीतभर अंतर हाताने आधार दिल्याशिवाय चढत नाही. दोन-तीनदा वरखाली केली की मध्येच थांबते, दहा मिनिटांनी पुन्हा चालते. गॅरेजमध्ये सांगितलंय की मोटरसकट अख्खी मशीन (काच वरखाली करणारी दारातली यंत्रणा) बदला. खरंच बदलावी लागेल का, आणि हे काम घरी जमेल का?

जमेल. आणि तुमच्या वर्णनावरून मोटरला हात लावायची वेळ बहुधा येणारही नाही. काच खाली जाताना तिचं वजन मोटरच्या मदतीला असतं, वर येताना तेच वजन विरोधात जातं. मोटरच संपत आली असती तर बहुधा दोन्ही वेळा कुरकुरली असती. दहा मिनिटं विश्रांती दिली की ती चालते, म्हणजे तिला बंद पाडतंय ते आतलं उष्णतेपासूनचं संरक्षण. बहुतेक विंडो मोटरमध्ये तशी सोय असते. मोटर तापली की करंट तुटतो, निवली की पुन्हा मिळतो. राहिला तिरकेपणा. काच तिरकी होते तेव्हा तिच्या एका कडेला खाचेत जास्त अडथळा असतो, नाहीतर खालून एका बाजूचा आधार सुटलेला असतो. तिन्ही लक्षणं एकत्र ठेवली तर चित्र असं दिसतं की मोटर धडधाकट आहे, तिच्यावरचं ओझं वाढलंय.

हे ओझं कुठलं, ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं. काच दाराच्या चौकटीतल्या रबरी खाचेतून सरकते, तिला रन चॅनल म्हणतात. खाचेच्या आतल्या बाजूला बारीक लव असते आणि काच प्रत्यक्षात त्या लवेवरून घसरते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि धुळीने लव झडते, रबर कडक होऊन आकसतं, मग काच थेट रबरावर घासायला लागते. त्यात आधीच्या मालकाने आवाज बंद करायला तिथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोपडलेलं असेल तर आणखी वाट लागते. खनिज तेलाने या जातीचं रबर फुगतं, खाच अरुंद होते, आणि तेलात धूळ कालवली जाऊन पॉलिश पेपरसारखा लगदा तयार होतो.

मोकळी काच उचलताना मोटर साधारण ५ ते १० अँपिअर करंट घेते. काच जखडली की मोटर हळू फिरते आणि करंट वाढत जातो. पूर्ण अडकली तर २० अँपिअरच्या वरही जातो. वाइंडिंगमधली (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणूनच खाच तशीच ठेवून नवी मोटर बसवली की काही महिने काच झकास चालते आणि मग तीच तक्रार परत येते. नव्या मोटरमध्ये जोर जास्त असतो, तेवढ्यावर ती रेटून नेते, एवढंच. गॅरेजवाल्यांची बाजूही सांगतो. अख्खी मशीन बदलणं हे ठराविक वेळात होणारं काम आहे. खाच साफ करणं, काच सरळ करणं यात अर्धा दिवस जातो आणि एवढ्या वेळाची मजुरी मागितली तर गिऱ्हाईक वाद घालतं. स्वतः करण्याचा खरा फायदा इथे आहे, तुमच्याकडे वेळ आहे.

पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, उघडण्याआधी दहा मिनिटं नुसती तपासणी करा. चालकाच्या दारावर बाकीच्या काचा लॉक करणारं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं म्हणून दार उघडून बसलेले लोक मी पाहिलेत. तुमची काच चालते आहे, त्यामुळे तुमच्याकडे हा मुद्दा नाही, पण ज्यांची अजिबात हलत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. मग केबिनचा दिवा लावून स्विच दाबा. दिवा किंचित मंदावला आणि काच हलली नाही, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय आणि ती जखडलेली आहे. दिव्यावर काहीच परिणाम नाही आणि आवाजही नाही, तर फ्यूज, स्विच, वायर किंवा मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे छोटे तुकडे) यांत दोष आहे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच जागची हलत नाही, तर गिअर झिजलाय, काच ओढणारी केबल तुटलीय किंवा काच पकडीतून सुटलीय. कडकड असा आवाज येऊन काच धक्के खात असेल तर केबल ड्रमवरून (ती गुंडाळणाऱ्या रिळावरून) उतरलेली असते. अशा वेळी स्विच पुन्हा पुन्हा दाबू नका, केबलचा गुंता आणखी घट्ट होतो.

आता काच अर्ध्यावर ठेवा आणि वरच्या कडेवर तळहाताने खाली दाबा. मोटरच्या गिअरबॉक्समध्ये वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा (वर्म) आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक. मोटर वर्मला फिरवते आणि वर्म चाकाला, उलट चाकाने वर्म फिरत नाही, म्हणून चांगल्या स्थितीतली काच हाताने खाली जात नाही. ती गेली, तर मधली एखादी जोडणी सुटलेली आहे. हँडलने फिरवायच्या काचांमध्ये वर्म नसतो, पण हँडलच्या मागे गुंडाळलेल्या स्प्रिंगचा ब्रेक असतो आणि तो हेच काम करतो. तिथे काच आपोआप खाली घसरत असेल तर हा ब्रेक किंवा काचेची पकड पाहायची.

शेवटची चाचणी तुम्ही नकळत केलेलीच आहे. काचेला दोन्ही बाजूंनी तळहात लावून, स्विच दाबलेला असताना, तिला सरळ ठेवत वर ढकलायचं. तेवढ्याने ती आपल्या नेहमीच्या वेगाने चढली तर दोष यांत्रिक आहे, विजेचा नाही. हीच युक्ती पावसात काच उघडी अडकली तर कामी येते. एकाने स्विच दाबून धरायचा, दुसऱ्याने तळहातांनी काच वर ओढायची. मोटर पूर्ण मुकी असेल तर स्विच दाबलेला ठेवून पॅडवर मोटरच्या जागी मुठीने दोन ठोसे द्या. कार्बन झिजून अडकलेले असले तर धक्क्याने ते पुन्हा टेकतात आणि मोटर एकदा तरी फिरते. तेवढ्यात काच वर घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत खाली करू नका.

आता पॅड. वीस वर्षांपूर्वीचं प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून थंडीत हे काम सकाळी लवकर करू नये. गाडी थोडा वेळ उन्हात उभी राहू द्या. स्क्रू कुठे लपवलेले असतात ते जवळजवळ सगळ्या गाड्यांत सारखं असतं: आर्मरेस्टच्या खोबणीत, आतल्या हँडलच्या कपाच्या तळाशी छोट्या झाकणाखाली, आरशाच्या मागच्या त्रिकोणी तुकड्यामागे, आणि कधी दाराच्या मागच्या कडेला. हँडलची काच असेल तर हँडल आणि पॅड यांच्यामध्ये नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. त्या फटीत फडक्याची पट्टी घालून बूट पुसल्यासारखी मागेपुढे ओढली की क्लिप उडून येते. दुसरा हात तिच्यावर धरा, नाहीतर ती सीटखाली शोधत बसाल. सगळे स्क्रू निघाल्यावर पॅडच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून प्लास्टिकच्या पट्टीने प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ उचकटा. क्लिप सुटल्यावर बरीचशी पॅड वर उचलून काढायची असतात, कारण त्यांची वरची कड दारावर आकड्यासारखी अडकवलेली असते. तिथे बाहेर ओढलं की कड मोडते. स्विच, कुलूप आणि दिव्याचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) सोडण्याआधी फोटो काढा.

एक सावधगिरी. पॅडमध्ये किंवा दाराच्या आत पिवळ्या वेष्टनाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा आहे. तशा गाडीत बॅटरीचं ऋण टर्मिनल आधी काढून काही मिनिटं थांबायचं, त्या कपलरला हात लावायचा नाही, आणि पॅड उघडं असताना इग्निशन चालू करायचं नाही. मोटर चालवून पाहायची असेल तर वेगळी बॅटरी घ्या. तिच्यावरून फ्यूज घातलेल्या दोन वायरी थेट मोटरच्या कपलरला लावायच्या. वायरी उलट केल्या की मोटर उलट फिरते, एवढं साधं प्रकरण आहे.

पॅडखाली प्लास्टिकचा किंवा मेणकापडासारखा पडदा चिकटवलेला असतो. तो फाडून फेकणारे पुष्कळ आहेत आणि नंतर पायाखालची मॅट ओली का होते म्हणून गाडी घेऊन येणारेही तेवढेच. काचेवरून दारात उतरलेलं पाणी हा पडदा आतल्या आतच ठेवतो आणि ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. काळ्या चिकट डिंकातून ब्लेड फिरवत पडदा सोडवा आणि डिंकाला धूळ लागू देऊ नका, परत तोच वापरायचा आहे. खालची भोकं तुंबलेली असतील तर तारेने आताच मोकळी करा.

मग काच अशा उंचीवर आणा की तिला मशीनशी जोडणारे बोल्ट दाराच्या भोकांतून दिसतील. बोल्ट काढण्याआधी रुंद चिकटपट्टी काचेच्या आतून घेऊन चौकटीवरून बाहेरच्या बाजूला उतरवा. अशा दोन-तीन पट्ट्या लावा. चिकटवण्याआधी काच कोरडी पुसा, धुळीवर पट्टी धरत नाही. दाराची काच टफन केलेली असते. सपाट भागावर बराच मार सोसते, पण कडेला धातूचा छोटा ठोका बसला तरी क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. चष्मा आणि हातमोजे घालूनच पुढचं काम करा.

आता या सगळ्या कामातली सर्वात उपयोगी चाचणी. बोल्ट काढले, काच मशीनपासून मोकळी झाली, पट्ट्या सोडल्या, की दोन्ही तळहातांत काच धरून तिला खाचेत सावकाश खालपासून वरपर्यंत सरकवा. दोन हातांनी, दात-ओठ न खाता, एकसारख्या दाबाने ती वर जायला हवी. अडली तर नेमकी कुठल्या उंचीवर आणि कुठल्या कडेला, ते चौकटीवर पट्टी लावून खूण करून ठेवा. ही चाचणी केल्याशिवाय कुणी मोटर बदला म्हणत असेल तर तो अंदाज झाला, निदान नव्हे. उलट काच अलगद सरकली, तर मी सांगितलेलं खाचेचं कारण तुमच्याकडे लागू नाही आणि दोष मशीनमध्ये शोधायचा.

खाच जड असेल तर आधी साबणाचं कोमट पाणी आणि पातळ पट्टीवर गुंडाळलेलं फडकं. खाचेच्या तळापर्यंत जाऊन जुना लगदा काढा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पेट्रोल आणि थिनर टाळा. पूर्ण वाळल्यावर बारीक नळीच्या डब्याने सिलिकॉन स्प्रे आत मारा, काच पाच-सहा वेळा वरखाली करा आणि उतू आलेला पुसून घ्या. गंज सोडवायचे पातळ तेलाचे स्प्रे इथे नकोत. त्यांनी तासभर काच सुळसुळीत चालते आणि मग धूळ धरते. एवढं करूनही खूण केलेल्या जागी अडत असेल तर तिथलं रबर बोटाने चाचपा. कोपऱ्यात ते उचललेलं असतं, फाटून दुमडलेलं असतं किंवा जुन्या अपघातात चौकट चेपून खाच अरुंद झालेली असते. रबर लाकडासारखं कडक असेल तर बदलाच, कुठल्याही स्प्रेने ते मऊ होत नाही. नवं बसवताना वरचे दोन कोपरे आधी बसवायचे आणि तिथून खाली यायचं. खालून सुरुवात केली तर कोपऱ्यात रबर कमी पडतं आणि मग लोक ते ताणतात.

चौकटीच्या खालच्या भागात, पॅडच्या आड, हीच खाच एका धातूच्या पट्टीत उतरते आणि ती पट्टी खाली एका बोल्टवर धरलेली असते. हा बोल्ट ढिला होऊन पट्टी कलंडली की काच ठराविक उंचीवर पाचरीसारखी बसते. तुमची काच पुढे झुकते, तेव्हा पुढची पट्टी आवर्जून हलवून पाहा. काच दारात शिरते त्या फटीशी तिला आतून-बाहेरून घासणारे दोन रबरी ओठ असतात, तेही पुसून सिलिकॉन लावा. काचेवर फिल्म असेल तर तिची सुटलेली कड याच ओठांत गोळा होते आणि काचेला ब्रेक लावते. हे इतक्या वेळा दिसतं की मी आता फिल्म आधी बघतो आणि बाकीचं नंतर.

मशीनकडे येऊ. जुन्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार सापडतात. एकात कात्रीसारखे दोन लोखंडी हात असतात, त्यांच्या टोकांना प्लास्टिकचे रोलर आणि मागे अर्धगोल दातेरी पत्रा. दुसऱ्यात एक किंवा दोन उभ्या पट्ट्या, त्यांवर सरकणारा प्लास्टिकचा तुकडा आणि तो ओढणारी, काळ्या नळ्यांतून फिरून ड्रमवर गुंडाळलेली बारीक पोलादी केबल. पॅड काढलं की काळ्या नळ्या दिसतात की हात, यावरून लगेच कळतं.

कात्रीचा प्रकार असेल तर तुम्ही नशीबवान आहात. ते मशीन सहसा मरत नाही, वाळून जाम होतं. काचेखालच्या पन्हाळीत रोलर फिरतो का, की झिजून चपटा झालाय किंवा पन्हाळीतून बाहेर पडलाय, ते पाहा. एक रोलर निसटला की काचेची ती बाजू अधांतरी राहते आणि काच तिरकी चढते, अगदी तुम्ही सांगताय तशी. दुसरा मुद्दा त्याहून कमी लोकांना माहीत असतो. कात्रीच्या एका हाताचं टोक दाराच्या पत्र्यावर बसवलेल्या आडव्या पट्टीत सरकतं आणि त्या पट्टीचा कल काचेचा कल ठरवतो. तिचे बोल्ट लांबट भोकांत असतात. ते ढिले झाले तर काच झुकते. ढिले करून पट्टी किंचित फिरवली तर काच सरळ होते. मशीन बाहेर न काढता दोन बोल्टांत मिटणारं दुखणं आहे हे.

या मशीनचं एक अंग मात्र धोक्याचं आहे. काचेचं वजन तोलायला त्यावर घड्याळाच्या चावीसारखी गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. मोटर जागेवर असते तोवर तिचे दाते हाताला धरून ठेवतात. मोटरचे बोल्ट काढले आणि काचही सोडवलेली असली की स्प्रिंग सगळी ताकद एका झटक्यात सोडते आणि हात गर्रकन फिरतो. बोटं मधे आली तर हाड मोडू शकतं. मोटर काढायचीच असेल तर आधी दातेरी पत्रा आणि मागचा पत्रा यांतून आरपार बोल्ट घालून नट घट्ट करा, किंवा दोन्ही पत्रे भक्कम क्लॅम्पमध्ये पकडा. हे केल्याशिवाय मोटरच्या शेवटच्या बोल्टला पाना लावू नका. काम फक्त साफसफाईचं असेल तर मोटर काढायची गरजच नसते. जुनं दगड झालेलं ग्रीस खरवडून काढा, दात्यांवर, सांध्यांवर आणि रोलरच्या पन्हाळीत पांढरं लिथियम ग्रीस लावा, बस.

केबलच्या प्रकारात झिजतात त्या दोनच गोष्टी. सरकणारा प्लास्टिकचा तुकडा तडकतो, आणि केबल ड्रमजवळ एकेक तार करून विरते. तुकडा अर्धवट तडकलेला असेल तेव्हा काच तिरकी चढते, पूर्ण तुटला की काच दारात कोसळते. काचेला धरणाऱ्या तुकड्याची पकड बोटाने हलवून पाहा. ती पट्टीवर लटलट हलत असेल तर तुमचा तिरकेपणा तिथलाच. नुसती केबल आणि तुकडे यांचे संच मिळतात, पण माझं मत विचाराल तर पूर्ण मशीन मिळत असेल तर तीच घ्या आणि जुनी मोटर तिच्यावर बसवा. केबल ड्रमवर योग्य दिशेने, योग्य वेढे देऊन, ताण सुटू न देता गुंडाळणं हे तिसरा हात मागणारं काम आहे. पहिल्यांदा करणाऱ्याची केबल बहुतेकदा ढिली राहते आणि ढिली केबल पुन्हा ड्रमवरून उतरते. तुमच्या मॉडेलची मशीन मिळतच नसेल तर संच आणा, जुनी केबल काढण्याआधी तिचा मार्ग सगळ्या बाजूंनी फोटोत घ्या आणि सवडीने बसा. प्लास्टिकच्या तुकड्याला प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक किंवा सिलिकॉन ग्रीस लावायचं.

मशीन बऱ्याच गाड्यांत बोल्टऐवजी रिव्हेटने पत्र्याला ठोकलेली असते. रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवा आणि परत बसवताना त्याच जाडीचा नवा रिव्हेट किंवा नायलॉनचं कडं असलेला नट-बोल्ट वापरा. साधा नट दाराच्या आपटण्याने सुटत जातो. ड्रिलचा कीस दारातून झाडून-पुसून काढा. तो तळाशी राहिला तर गंज धरतो, आणि मोटरमध्ये कायमचे चुंबक असल्याने बारीक कीस तिच्याकडे ओढला जातो.

मोटरबद्दल थोडंच सांगतो. वर्म चाकाच्या आत, चाक आणि बाहेरचा दातेरी दांडा यांच्यामध्ये, धक्का सोसायला काही मोटरमध्ये रबराचे किंवा प्लास्टिकचे छोटे तुकडे बसवलेले असतात. ते चुरा होतात. मग मोटर मस्त फिरते, दांडा फिरत नाही आणि लोक मोटर फेकून देतात. गिअरबॉक्सचं झाकण उघडून चुरा साफ केला आणि नवे तुकडे घातले की तीच मोटर पुन्हा वर्षानुवर्षं चालते. कार्बन झिजलेले असतील, म्हणजे ठोसा मारल्यावरच चालत असेल, तर मात्र मोटर बदलणं जास्त शहाणपणाचं. अशा मोटर उघडून पुन्हा बंद करण्यासाठी बनवलेल्या नसतात.

आता वीज. तुमच्या लक्षणांत तिचा हात मला दिसत नाही, पण खाच आणि मशीन दोन्ही ठीक निघाली तर इथे या. मोटरच्या कपलरवर व्होल्टेज मोजा, पण मोटर जोडलेली आणि स्विच दाबलेला असताना. कपलर काढून मोजलं तर एका तारेवर टिकलेली वायरसुद्धा मीटरवर पुरे १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट घेतच नाही. बॅटरीवर १२.६ आणि फिरणाऱ्या मोटरवर ९ अशी तफावत दिसली तर मधे कुठेतरी अडथळा आहे. स्विचच्या जळालेल्या संपर्कात फक्त ०.२ ओहमचा अडथळा असला तरी १० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खर्च होतात. इंजिन बंद असताना काच मेंगळट आणि चालू असताना बरी, हेही याच दुखण्याचं लक्षण असू शकतं.

शेजारच्या आणि मागच्या दारांच्या बाबतीत एक गोष्ट चकवते. बऱ्याच गाड्यांत या मोटरचा अर्थ (बॅटरीच्या ऋण बाजूला जाणारी जोडणी) चालकाच्या दारावरच्या मुख्य स्विचमधून जातो. दोन्ही स्विच मोकळे असताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला असतात. एक स्विच दाबला की एक वायर अर्थ सोडून धनकडे जाते आणि दुसरीचा अर्थ मुख्य स्विचमधूनच पूर्ण होतो. त्यामुळे शेजारच्या दाराचा स्विच बदलून फरक पडत नाही, कारण काजळी चालकाच्या दारात असते. दुसरी जागा म्हणजे दार आणि खांब यांमधली रबरी नळी. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं आणि तिथल्या वायरी आतून तुटतात, वरचं वेष्टन मात्र शाबूत दिसतं. स्विच दाबून ठेवत दार हळूहळू उघड-मीट करा. एखाद्या कोनात काच चालली तर नळी मागे सरकवून एकेक वायर हलक्या हाताने ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. जोडताना नवा लवचिक तुकडा मधे घालून सोल्डर केलेले सांधे नळीच्या बाहेर काढा. वाकणाऱ्या जागेत कडक सांधा टिकत नाही.

परत जोडताना घाई नको. काच मशीनवर ठेवा, पण बोल्ट नुसते हाताने लावा. मशीनचे, खालच्या पट्टीचे आणि काचेचे बोल्ट ढिले असतानाच काच पूर्ण वर न्या, वरच्या खाचेत तिला स्वतःहून बसू द्या आणि मगच घट्ट करा. काच खाली असताना सगळं आवळलं की मशीन तिला आपल्या सोयीच्या कोनात वर ढकलते आणि तिरकेपणा पुन्हा आला म्हणून समजा. काचेच्या बोल्टखाली रबराचे किंवा प्लास्टिकचे वॉशर असतात ते गाळू नका, आणि ताकद लावून आवळू नका. टफन काच भोकापासून तडकते. काही गाड्यांत काच बोल्टवर नसते, खालच्या लोखंडी पन्हाळीत रबरी पट्टी घालून दाबून बसवलेली किंवा चिकटवलेली असते. ती सुटलेली असेल तर पन्हाळ गंजमुक्त करून काचेची नवी पट्टी किंवा पॉलियुरेथेन चिकटवणारा वापरा आणि तो पूर्ण सुकल्याशिवाय काच चालवू नका. साधा झटपट गोंद तिथे आठवडाभरही टिकत नाही.

पॅड लावण्याआधी काच दहा वेळा वरखाली करा. मोटरला हात लावून पाहा. ती कोमट झाली तर ठीक, हात ठेववत नसेल तर अजून कुठेतरी घासतंय आणि परत त्या खुणेच्या जागेकडे वळायचं. मग पडदा त्याच डिंकावर चेपून बसवा, त्याची खालची कड दाराच्या आत वळलेली हवी, बाहेर लोंबणारी नको. तुटलेल्या क्लिपांच्या जागी नव्या घाला, नाहीतर पॅड खडखडत राहतं. बॅटरी काढलेली असेल आणि काच एका स्पर्शात आपोआप वर जाणारी असेल तर ती पहिल्यांदा अर्ध्यावरून परत फिरू शकते. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरा, म्हणजे तिला वरची हद्द पुन्हा कळते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. सगळं बसल्यावर बंद काचेवर पाण्याची नळी धरा आणि दाराच्या तळातून पाणी बाहेर पडतंय का, ते पाहून घ्या.